लॉगचा विस्तार पुन्हा पुन्हा चुकतोय? या क्रमाने तपासा

अकरावी-बारावीच्या मुलांना गणित आणि फिजिक्स शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी मुलं नवी येतात, पण लॉगच्या विस्तारातल्या, म्हणजे एका लॉगचे तुकडे पाडतानाच्या, चुका त्याच असतात. वहीचं पान समोर आलं की कोणत्या ओळीत गाडी घसरली असेल याचा अंदाज आधीच येतो. तीन नियम तर सगळ्यांना पाठ असतात. विचारा, घडाघड म्हणून दाखवतील:

लॉग(अ × ब) = लॉग अ + लॉग ब
लॉग(अ ÷ ब) = लॉग अ − लॉग ब
लॉग(अ^न) = न × लॉग अ

(अ^३ म्हणजे अ चा तिसरा घात. लॉग अ म्हणजे पायाचा कितवा घात घेतला की अ मिळतो तो आकडा. पाया वेगळा सांगितला नसेल तिथे १० धरा. अ, ब, क हे सगळे धन.)

नियम पाठ असूनही उत्तर का चुकतं? मी पाहिलेल्या वह्यांमध्ये कारण बहुतेक वेळा एकच निघालं. कंसाच्या आत शेवटी कोणती क्रिया होतेय, हे न बघताच मूल नियमाला हात घालतं. म्हणून नियम दहा-दहा वेळा लिहायला लावण्याचा काही उपयोग होत नाही. मी पुढच्या क्रमाने तपासते. पहिल्या दोन तपासण्यांना एक पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात, आणि बऱ्याच वह्या तिथेच ताळ्यावर येतात.

आधी लक्षणं ओळखा

शेवटच्या आठ-दहा गणितांवर नजर टाका आणि यातलं काय काय दिसतंय त्यावर खूण करा.

– लॉग(अ + ब) चं लॉग अ + लॉग ब झालंय. हे सर्वांत जुनं दुखणं.
– (लॉग अ) ÷ (लॉग ब) चं लॉग अ − लॉग ब झालंय.
– (लॉग अ)^२ चं २ लॉग अ झालंय.
– लॉग(५अ^३) चं ३ लॉग ५ + ३ लॉग अ झालंय.
– छेदात दोन गोष्टी होत्या. पहिलीला वजा लागलं, दुसरीला अधिक.
– वर्गमूळ सगळ्यावर होतं, पण १/२ फक्त पहिल्या पदाला मिळालं.
– विस्तार बरोबर आहे, पण लॉग १०० तसाच सोडलाय, त्याचे २ केलेले नाहीत. हा नुसता आळस आहे, दुखणं नव्हे. तरी गुण जातात.

एकच लक्षण सारखं दिसत असेल तर दुरुस्ती सोपी. चार-पाच एकदम दिसत असतील तर खालची घातांकांची तपासणी आधी करा, मग वर या.

पहिली तपासणी: हस्ताक्षर आणि कंस

हसू नका, हीच सर्वांत स्वस्त तपासणी आहे. गेल्या वर्षी एक मुलगी दोन दिवस नियमात चूक शोधत बसली होती. गणितात √(अ ÷ ब) होतं, अपूर्णांक उभा लिहिलेला. तिने वर्गमूळाचं छप्पर काढलं ते अंशावरच थांबलं. खालच्या ओळीत उतरवताना ते √अ ÷ ब झालं. तिथून पुढे तिचं प्रत्येक पाऊल नियमाला धरून होतं आणि उत्तर चूक. मी तिला फक्त छप्पर छेदाच्या खालपर्यंत ओढायला सांगितलं.

दुसरी गोष्ट, लॉगनंतर कंस नसणं. 'लॉग अ + ब' असं लिहिलं तर ब लॉगच्या आत आहे की बाहेर? लिहिताना मुलाला माहीत असतं, दोन ओळींनंतर त्यालाच आठवत नाही. महिनाभर एक शिस्त लावा: लॉग लिहिलं की लगेच कंस उघडायचा, आत एकच अक्षर असलं तरी. शाईचा खर्च वाढतो, पण निम्म्या शंका तिथेच मिटतात. (या लेखात एकटं अक्षर असेल तिथे मी कंस गाळला आहे. तुम्ही सवय लागेपर्यंत गाळू नका.)

दुसरी तपासणी: आकडे टाकून बघा

आपण केलेला विस्तार बरोबर आहे का, हे विचारायला मॅडम लागत नाहीत. अ, ब च्या जागी १०, १००, १००० असे आकडे टाका, म्हणजे लॉग टेबलही उघडावं लागत नाही; लॉग १० = १, लॉग १०० = २, लॉग १००० = ३.

लॉग(अ + ब) घ्या. अ = १०, ब = १०००. बेरीज १०१०, तिचा लॉग ३ च्या किंचित वर. तिकडे लॉग अ + लॉग ब = १ + ३ = ४. जुळलं नाही, विषय संपला.

(लॉग अ) ÷ (लॉग ब) घ्या. अ = १०००, ब = १०. भागाकार ३ ÷ १ = ३, वजाबाकी ३ − १ = २. इथेही जुळलं नाही.

पण आकडे निवडताना जरा जपून. एका मुलाने वर्गात हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, जुळलं की! बेरजेचाही नियम चालतो." त्याने अ = २, ब = २ घेतले होते. लॉग(२ + २) = लॉग ४ = ०.६०२, आणि लॉग २ + लॉग २ = ०.३०१ + ०.३०१ = ०.६०२. त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन दोन्ही चारच येतात, म्हणून ते जुळलं. ३ आणि १.५ घेतले तरी तसंच होतं, कारण बेरीज ४.५ आणि गुणाकारही ४.५. तसंच (लॉग अ)^२ तपासताना अ = १०० घेऊ नका; २ चा वर्ग ४ आणि २ ची दुप्पटही ४. तिथे १००० घ्या, ९ आणि ६ लगेच वेगळे दिसतील. आणि १ तर कुठेच नको. लॉग १ शून्य असतो आणि शून्याखाली कितीतरी चुका झाकल्या जातात.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: आकडे जुळले नाहीत तर विस्तार नक्की चूक. जुळले तर बहुधा बरोबर, पण दुसरी जोडी टाकून बघा.

अजून एक झटपट अंदाज. १ पेक्षा मोठ्या संख्येत दशांश चिन्हाच्या आधी जितके अंक, त्यापेक्षा एक कमी हा तिच्या लॉगचा पूर्णांक भाग. लॉग(५अ^३) मध्ये अ = १० टाकला तर लॉग ५०००. चार अंक, म्हणजे लॉग तीन पूर्णांक काहीतरी (नेमका ३.६९९०). ज्याने ३ लॉग ५ + ३ लॉग अ लिहिलं त्याचं उत्तर ३ × ०.६९९० + ३ = ५.०९७० येतं. म्हणजे पाच हजारांचे लाखाच्या वर झाले! एवढी मोठी चूक नुसते अंक मोजून पकडता येते.

तिसरी तपासणी: शेवटची क्रिया कोणती?

माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे, म्हणून थोडी थांबते.

कंसातल्या अक्षरांना किमती दिल्या आणि तुम्हाला ती राशी हाताने काढायला सांगितली, तर सर्वांत शेवटी तुम्ही काय कराल? गुणाल, भागाल, घात चढवाल की मिळवाल? लॉगचा विस्तार करताना तीच क्रिया सर्वांत आधी मोडायची. गाठ मारताना शेवटचा वेढा घातला, सोडताना तोच पहिला सुटतो, तसं.

५अ^३ मध्ये आधी अ चा घन करू, मग ५ ने गुणू. शेवटची क्रिया गुणाकार. म्हणून आधी लॉग ५ + लॉग(अ^३), आणि मग घात खाली येऊन लॉग ५ + ३ लॉग अ. त्या ३ चा ५ शी काही संबंध नाही.

(५अ)^३ मध्ये आधी गुणाकार, शेवटी घन. म्हणून आधी ३ लॉग(५अ), मग ३ लॉग ५ + ३ लॉग अ. इथे ३ दोघांना.

अ + ब^२ मध्ये शेवटची क्रिया बेरीज. बेरजेसाठी आपल्याकडे नियम नाही. हात बांधलेले. लॉग(अ + ब^२) हेच उत्तर.

मुलं विचारतात, बेरजेला नियम का नाही? जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम लोकांसमोर मांडले तेव्हा खगोलाची गणितं करणारे लोक मोठमोठ्या संख्यांच्या गुणाकार-भागाकारांनी जेरीस आलेले होते. हेन्री ब्रिग्जने पाया १० धरून १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांपर्यंतची टेबलं छापली, तीही त्याच कामासाठी: गुणाकाराची बेरीज व्हावी, भागाकाराची वजाबाकी, घाताचा साधा गुणाकार. प्रत्येक क्रिया एक पायरी खाली उतरते. बेरीज सर्वांत खालच्या पायरीवर उभी आहे, तिने उतरायचं कुठे? वर्गात मी फळ्यावर तीन पायऱ्या काढते आणि बेरजेच्या खाली जमीन दाखवते. ते चित्र पोरांच्या लक्षात राहतं.

आता (लॉग अ)^२ आणि (लॉग अ) ÷ (लॉग ब). इथे वर्ग आणि भागाकार लॉगच्या बाहेर आहेत. आपले तिन्ही नियम कंसाच्या आतल्या क्रियांसाठी आहेत, बाहेर त्यांची सत्ता चालत नाही. (लॉग अ) ÷ (लॉग ब) म्हणजे पाया ब धरून अ चा लॉग. लॉग ८ ÷ लॉग २ = ३, कारण २ चा तिसरा घात ८. वजाबाकी केली असती तर लॉग ४, म्हणजे ०.६०२.

चौथी तपासणी: छेदातलं वजा आणि सगळ्यांवरचं १/२

एक उदाहरण नीट करू:

लॉग( १००अ^३ ÷ (ब√क) )

शेवटची क्रिया भागाकार. म्हणून
लॉग(१००अ^३) − लॉग(ब√क)

आता दुसऱ्या लॉगचा विस्तार कंसात करायचा आणि कंस लगेच सोडायचा नाही:
लॉग १०० + ३ लॉग अ − (लॉग ब + १/२ लॉग क)

मग कंस सोडा:
२ + ३ लॉग अ − लॉग ब − १/२ लॉग क

ज्यांना हा मधला कंस लिहायचा कंटाळा येतो त्यांचं शेवटचं पद + १/२ लॉग क होतं. तपासा: अ = १०, ब = १००, क = १००००. मूळ राशी (१०० × १०००) ÷ (१०० × १००) = १०, तिचा लॉग १. आपलं उत्तर २ + ३ − २ − २ = १. अधिक चिन्हवाल्याचं २ + ३ − २ + २ = ५.

१/२ ची चूक मी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये पकडते, कारण तिथे ती डोळ्यांना दिसते. साध्या लंबकाचा आवर्तकाल (एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) = २ × π × √(ल ÷ ग). π = ३.१४२, लांबी ल = १ मीटर, गुरुत्वत्वरण ग = ९.८. लॉग घेतला की

लॉग २ + लॉग ३.१४२ + १/२ (लॉग १ − लॉग ९.८)
= ०.३०१० + ०.४९७२ + १/२ (० − ०.९९१२)
= ०.७९८२ − ०.४९५६ = ०.३०२६

अँटिलॉग घेतला (म्हणजे लॉगवरून मूळ संख्या काढली) की साधारण २.००७ सेकंद. ज्याने १/२ फक्त लॉग १ ला दिला त्याचं ०.७९८२ − ०.९९१२ = −०.१९३० होतं, म्हणजे जवळपास ०.६४ सेकंद. अशा वेळी मी काही बोलत नाही. त्याला लंबकापाशी नेते, गोळा सोडते आणि स्टॉपवॉच हातात देते. एक मीटरचा दोरा जाऊन परत यायला दोन सेकंद घेतो, हे बघितल्यावर तो स्वतःच वहीत कंस घालतो. बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं; त्यामुळे ही चूक गणितापुरती राहत नाही.

केमिस्ट्रीतही तेच. द्रावण किती आम्लधर्मी ते पीएच सांगतो, आणि आम्लता वाढली की तो घटतो. हायड्रोजन आयनांची संहती २ × १०^(−४) असेल तर

पीएच = −(लॉग २ + लॉग १०^(−४)) = −(०.३०१० − ४) = ३.६९९०, म्हणजे ३.७०.

बाहेरचं वजा कंसातल्या दोघांनाही लागतं. ते एकालाच लागलं की ४.३० आकडा येतो आणि त्याचं चिन्ह गुपचूप पुसलं जातं. अंदाजाने पकडा: १०^(−४) चा पीएच ४, आपलं द्रावण त्याहून जास्त आम्लधर्मी, म्हणून उत्तर ४ च्या खालीच हवं.

पाचवी तपासणी: आतल्या बेरजेचे अवयव पडतात का?

बेरीज दिसली की हात वर करायचे, पण आधी एकदा अवयव पाडून बघायचे.

लॉग(अ^२ − ९) = लॉग((अ − ३)(अ + ३)) = लॉग(अ − ३) + लॉग(अ + ३)
लॉग(अ^२ + ५अ + ६) = लॉग(अ + २) + लॉग(अ + ३)

इथेच थांबा. लॉग(अ + ३) चं लॉग अ + लॉग ३ करायचा मोह पुष्कळांना होतो, म्हणजे पहिलंच लक्षण मागच्या दाराने परत आलं. आणि लॉग(अ^२ + ९) चे तर अवयवच पडत नाहीत. तिथे काही न करणं हे पूर्ण उत्तर आहे. परीक्षेत रिकामी जागा दिसली की मुलांना वाटतं काहीतरी लिहायलाच हवं; त्यांना आधीच सांगून ठेवा.

सहावी तपासणी: लॉगच्या आत ऋण तर शिरलं नाही?

लॉग(अ^२) = २ लॉग अ हे अ धन असेल तरच. अ = −१० घेतला तर डावीकडे लॉग १०० = २, उजवीकडे लॉग(−१०), ज्याला आपल्या अभ्यासक्रमात अर्थच नाही. अ धन आहे असं गणितात म्हटलेलं नसेल तर २ लॉग|अ| लिहा. वरच्या लॉग(अ^२ − ९) लाही हेच लागू. अ = −५ असताना मूळ लॉग १६ ठीक आहे, पण तोडल्यावर लॉग(−८) येतो. तो विस्तार अ ३ पेक्षा मोठा असेल तरच खरा. विस्ताराच्या गणितात बहुधा 'सर्व चल धन' असं दिलेलं असतं, म्हणून ही तपासणी इतक्या खाली ठेवली. समीकरण सोडवताना मात्र तिला विसरलात तर खोटं उत्तर पदरात पडतं.

शेवटची, सर्वांत वेळखाऊ तपासणी: घातांक

वरचं सगळं करूनही चूक येत राहिली तर मी वही मिटते आणि कोऱ्या कागदावर एकच प्रश्न देते: १०^२ × १०^३ किती?

उत्तर १०^६ किंवा १००^५ आलं, तर लॉगला दोष देऊ नका. लॉग म्हणजे घातांकच. अ = १०^म आणि ब = १०^न असेल तर अ × ब = १०^(म + न), म्हणून लॉग(अ × ब) = म + न. पहिला नियम एवढाच आहे. ज्याचे सातवी-आठवीतले घातांक कच्चे राहिलेत त्याला तीन नियम हे तीन मंत्र वाटतात, आणि मंत्रातलं एक अक्षर कधीही इकडचं तिकडे होतं. याला दोन-तीन संध्याकाळ लागतात. ऋण घातांक आणि अपूर्णांक घातांक हे दोन्ही करून घ्या, कारण वर्गमूळाचा १/२ आणि छेदाचं वजा तिथूनच येतात.

दुरुस्ती झाली का बघायला ही चार द्या:

१. लॉग(१०००अ ÷ ब^२)
२. लॉग √(अ^३ ÷ (१०ब))
३. (लॉग(अ^३))^२
४. लॉग(अ^२ + ब^२)

उत्तरं: ३ + लॉग अ − २ लॉग ब, १/२ (३ लॉग अ − १ − लॉग ब), ९ (लॉग अ)^२, चौथ्याचा विस्तार होत नाही. तिसऱ्यात ६ लॉग अ आलं तर तिसऱ्या तपासणीकडे परत जा.

कधी थांबायचं आणि कुणाला गाठायचं

घातांकांवर चार-पाच बैठका होऊनही १०^२ × १०^३ अडत असेल, तर घरच्या घरी रेटत बसू नका. समोर बसून एकेक ओळ बघणारा गणिताचा शिक्षक हवा, आणि त्याला सांगा की लॉग बाजूला ठेवून घातांक बघा. आईबाबांनी रात्री अकरा वाजता ओरडून शिकवलेलं लॉग मुलाच्या डोक्यात भीती म्हणूनच बसतं. हे मी फार वेळा पाहिलंय.

ऋण संख्येचा लॉग खरंच काढायचा असेल, तर तो संमिश्र संख्यांचा प्रांत. तिथे एका संख्येला अनेक लॉग असतात आणि हे तीन नियम जसेच्या तसे वापरता येत नाहीत. त्यासाठी पदवीला गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे जा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मूल फक्त लॉगमध्ये नव्हे, तर सगळीकडेच आकडे उलटे उतरवत असेल, ६९ चे ९६ होत असतील, अधिक-वजा चिन्हं वाचताना बदलत असतील, घड्याळ आणि सुट्टे पैसेही अवघड जात असतील, तर तो निष्काळजीपणा समजू नका. शाळा किंवा कॉलेजमधल्या समुपदेशकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. रीतसर प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. अर्जाला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नका, अकरावीतच विचारा.